दोन इंच पाण्याचं बूच

'मोरीला बोळा आणि दरवाजा मोकळा' ही म्हण आपण वेंधळ्या माणसाला चिडवायला वापरतो. दरवाजा सताड उघडा टाकणारा तो कोण होता, याच्याशी मला देणंघेणं नाही. मला कुतूहल आहे ते बोळ्याचं. स्वयंपाकघराच्या कोपऱ्यात मोरी, मोरीच्या भिंतीला तळाशी भोक आणि रात्री त्या भोकात कोंबलेली जुन्या लुगड्याची चिंधी. उंदीर, घूस, क्वचित एखादा साप यांच्यासाठी हा बंदोबस्त. वासासाठी तिची फारशी गरज नव्हती, कारण भोकापलीकडे परसू होतं. खरकटं पाणी अळवाला नाहीतर केळीला जायचं, जमीन ते पिऊन टाकायची. वास कोंडून राहील अशी जागाच नव्हती.

ती जागा बंद नळाने दिली. हवा न लागणाऱ्या नळात अन्नाचे कण कुजतात, तिथले जिवाणू हायड्रोजन सल्फाइड सोडतात आणि सडक्या अंड्याचा तो ओळखीचा वास पाणी गेलं त्याच वाटेने उलटा घरात शिरतो. म्हणजे पाणी जाऊ द्यायचं, पण हवा येऊ द्यायची नाही. चिंध्यांचा बोळा हे दोन्ही एकदम करू शकत नाही.

करून दाखवलं ते एका घड्याळजीने. अलेक्झांडर कमिंग हा एडिंबरोत जन्मलेला, लंडनमध्ये घड्याळं करणारा कारागीर. 1775 साली त्याने शौचकूपाचं पेटंट घेतलं आणि त्यात खालचा नळ इंग्रजी 'एस' अक्षरासारखा वाकवला. वाकात थोडं पाणी कायम साचून राहायचं. वरून नवं पाणी आलं की जुनं पुढे ढकललं जाई आणि तेवढंच नवं मागे उरे. त्या वाकात झडप नाही, स्प्रिंग नाही, झिजण्यासारखं काहीच नाही. दिवसभर चाकं-कमानींशी झटणाऱ्या माणसाला एकही हलता भाग नसलेलं यंत्र सुचावं, याची मला फार गंमत वाटते.

त्या 'एस'ला एक खोड होती. पाणी भरधाव गेलं की ते वाकातलं पाणीही ओढून नेई आणि बूच निघून जाई. म्हणून पुढे आडवा निघून भिंतीत जाणारा वाक आला, आणि नळातला दाब सांभाळायला गच्चीपर्यंत चढवलेला हवेचा पाईप आला. लंडनचा प्लंबर थॉमस क्रॅपर याचा 'यू' वाक 1880 चा. कमोडचा शोध त्याने लावला ही मात्र दंतकथा आहे. मधल्या काळात, 1858 च्या उन्हाळ्यात, थेम्स इतकी घाण मारू लागली की पार्लमेंटचे पडदे चुन्याच्या क्लोराइडात भिजवून टांगावे लागले. दुर्गंध हाच रोग, अशी तेव्हा भल्याभल्यांची समजूत होती.

मुंबईतही तीच समजूत. 1860 मध्ये विहार तलावाचं पाणी शहरात आलं, पण वापरलेलं पाणी बाहेर नेणारी गटारं मागेच राहिली. 1896 ला प्लेग आला तेव्हा नगरपालिकेने गटारांत समुद्राचं पाणी आणि कार्बोलिक ॲसिड ओतलं. रोग उंदरांवरच्या पिसवांतून पसरत होता. त्या हिशेबाने कार्बोलिकपेक्षा आजीचा बोळाच सत्याच्या जवळ होता म्हणायचा!

चाळींच्या आणि नंतर फ्लॅटच्या मोऱ्यांत बोळ्याची जागा घेतली ती जाळीखाली बसवलेल्या वाकड्या भांड्याने. त्याचं नाव 'नहाणी ट्रॅप'. ही आपली न्हाणी, न्हाणीघरातली. संस्कृत 'स्नान'पासून घरंगळत आलेला शब्द इंग्रजी 'ट्रॅप'च्या गळ्यात पडला आणि स्थापत्याच्या इंग्रजी पाठ्यपुस्तकांत जाऊन बसला. अभियंत्याच्या तोंडी तो तांत्रिक शब्द. त्यामागे कुणाची तरी आंघोळ आहे हे त्याच्या गावीही नसतं.

मग ओटा उभा राहिला, मोरी वर चढून स्टीलचं सिंक झाली, आणि इथे घोटाळा झाला. सिंकखालचा वळ्यावळ्यांचा प्लास्टिक पाईप पुष्कळ घरांत सरळ भिंतीच्या भोकात खुपसलेला असतो. वाक नाही, भोकाभोवती फट मोकळी. मग मंडळी डांबरगोळ्या टाकतात. त्याने वास जात नाही, दोन वास होतात. खायचा सोडा आणि व्हिनेगर यांचा फेस दिसायला झकास, पण दोघं एकमेकांना मारून बहुतेक खारट पाणीच उरतं. चिकटलेल्या तुपातेलाचं त्याने फारसं बिघडत नाही. त्याला गरम पाणी, साबण आणि ब्रश हवा. जाळी उचलून खालची बुळबुळीत साय खरवडायला हवी. फटीला रबरी बूच हवं. पाईपला वाक नसेल तर बॉटल ट्रॅप बसवून घ्यावा.

आणि वाक असेल तर त्यात पाणी हवं, साधारण 50 मिलिमीटर, म्हणजे दोन इंच. महिनाभर गावी राहून परतलं की बंद घर नाकाला झोंबतं, ते हे पाणी आटल्यामुळे. आमच्याकडे कुलूप काढल्यावर पंखा लावायच्या आधी प्रत्येक जाळीत एकेक तांब्या ओतला जातो. निघताना वर चमचाभर गोडंतेल सोडलं असेल तर तेलाच्या तवंगाखाली पाणी जरा जास्त दिवस टिकतं.