वेंगुर्ल्याच्या खडकांवरील दीपगृह

किल्ला आणि दीपगृह या दोन्ही वास्तू समुद्रातील खडकाचा आश्रय घेतात. परंतु त्यांची प्रयोजने परस्परविरोधी असतात. किल्ला आपली वाट लपवितो, तर दीपगृह ती परक्या खलाशालाही दाखविते. मालवण-वेंगुर्ल्याच्या किनाऱ्यावर ही दोन्ही प्रयोजने अवघ्या काही मैलांच्या अंतरावर, एकामागून एक नांदलेली दिसतात. म्हणून तेथील दीपगृहाचा इतिहास हा केवळ नौकानयनाचा इतिहास राहत नाही.

मालवणजवळच्या कुरटे बेटावर १६६४ मध्ये शिवाजी महाराजांनी सिंधुदुर्गाच्या बांधकामास आरंभ केला व १६६७ मध्ये ते पूर्ण झाले. त्याचे महाद्वार बुरुजांच्या वळणात असे दडविले आहे की, होडी अगदी निकट येईपर्यंत ते दृष्टीस पडत नाही. सभोवती पाण्याखालची खडपे. त्यांतून जाणारी वाट तांडेलांच्या स्मरणात असे, ती कोठे दिव्याने दाखविलेली नसे. अंधार हा या दुर्गरचनेचाच एक घटक होता, असे म्हटल्यास अतिशयोक्ती होणार नाही. मात्र तो अभेद्य होता असेही नव्हे. १७६५ मध्ये इंग्रजांनी हा किल्ला घेतला, त्यास ‘फोर्ट ऑगस्टस’ असे नाव दिले, आणि पुढच्याच वर्षी तो कोल्हापूरकरांना परत केला.

वेंगुर्ल्याच्या पश्चिम-वायव्येस सुमारे नऊ सागरी मैलांवर खडकाळ बेटांचा एक पुंजका आहे. पोर्तुगीज खलाशी त्याला ‘जळकी बेटे’ या अर्थाच्या नावाने ओळखीत, आणि इंग्रजांनी त्याचेच भाषांतर करून ‘बर्न्ट आयलंड्स’ हे नाव रूढ केले. पुढे नकाशांत ‘वेंगुर्ला रॉक्स’ हे नाव आले. निवतीचे होडीवाले मात्र त्यालाच ‘निवती रॉक’ म्हणतात. एकाच खडकाची ही नावे पाहिली म्हणजे ध्यानात येते की, नाव ठेवणारा त्यात खडकापेक्षा आपले बंदर अधिक पाहतो. सतराव्या शतकाच्या पूर्वार्धात डचांनी वेंगुर्ल्यास वखार घातली, आणि गोव्याची नाकेबंदी करणाऱ्या त्यांच्या जहाजांना या बंदराचा आधार मिळाला. त्या वखारीचे भग्नावशेष आजही उभे आहेत.

१८१२ हे वर्ष या किनाऱ्याच्या दृष्टीने निर्णायक ठरले. चाचेगिरीचा बंदोबस्त हे कारण पुढे करून कंपनी सरकारने त्या एका वर्षात कोल्हापूरकरांकडून मालवण व सावंतवाडीकरांकडून वेंगुर्ले पदरात पाडून घेतले. निवती व रेडी हे किल्ले १८१९ मध्ये गेले. चाचेगिरी हा शब्द येथे जपून वापरावा लागतो. एका दरबाराच्या दृष्टीने जी जकात, ती दुसऱ्याच्या दप्तरात लूट म्हणून नोंदली जाई. काहीही असो, किनारा एका सत्तेच्या हाती आल्यावर वाट लपविण्याची गरज संपली आणि ती दाखविण्याची गरज सुरू झाली.

ही गरज आगबोटींनी वाढविली. शिडाचे गलबत पावसाळ्यात नांगरून ठेवीत. आगबोट वेळापत्रकाने व रात्रीही धावे. १८६९ मध्ये सुएझचा कालवा खुला झाल्यावर मुंबईकडील वाहतुकीला वेग आला. पोर्तुगीजांनी आग्वादचे दीपगृह १८६४ मध्ये उभारले होते. खांदेरीचे १८६७ मध्ये झाले. विशेष हे की, खांदेरीचा दिवा शिवाजी महाराजांनी १६७९ मध्ये बळकाविलेल्या बेटावर, किल्ल्याच्या तटातच उभा राहिला. देवगडच्या किल्ल्यातही १९१५ मध्ये तसेच घडले. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात वेंगुर्ल्याच्या खडकांवर जो दिवा लागला, तो याच मालिकेतील होय.

दिवा लावणे एवढेच येथे पुरेसे नसते. प्रत्येक दीपगृहाच्या झोतांची संख्या व त्यांतील अंतर ठरलेले असते. शेजारच्या दिव्याहून तो वेगळा ओळखू आला तरच त्याचा उपयोग. भाषेतील वर्णांप्रमाणेच दिव्याचा अर्थही त्याच्या भेदात असतो. खुद्द ‘दीपगृह’ हा शब्द मात्र बनविलेला, पुस्तकी आहे. मराठीत देवळापुढची दीपमाळ होती, त्रिपुरी पौर्णिमेला ती उजळे. पण तिचा प्रकाश देवासाठी होता, वाटसरूसाठी नव्हे. किनाऱ्यावरील लोकांनी ‘बत्ती’ हा शब्द पत्करला. संस्कृत ‘वर्ति’पासून मराठीत ‘वात’ झाली आणि हिंदीतून ‘बत्ती’ आली. एकाच मूळ शब्दाची ही दोन अपत्ये, एक देवघरात राहिली व दुसरी समुद्रावर गेली.

कायद्याने नाव बदलण्याचा प्रकार तर अगदी अलीकडचा. १९२७ च्या दीपगृह अधिनियमाची जागा २०२१ मध्ये नौकानयनाच्या सागरी साधनांविषयीच्या नव्या अधिनियमाने घेतली. उपग्रहांवरून स्थान कळू लागल्यावर दीपगृह हे अनेक साधनांपैकी एक उरले.

खडकांना मनुष्याखेरीज आणखीही रहिवासी आहेत. १८७५ मध्ये पक्षिशास्त्रज्ञ अॅलन ऑक्टेव्हियन ह्यूम—दहा वर्षांनी राष्ट्रीय सभेच्या स्थापनेत पुढाकार घेणारे तेच हे ह्यूम—येथे आले आणि त्यांनी आपल्या ‘स्ट्रे फेदर्स’ या नियतकालिकात या बेटांवरील पक्ष्यांचे वर्णन केले. येथील गुहांत पाकोळ्या लाळेने घरटी बांधतात. या घरट्यांच्या चोरट्या व्यापाराविरुद्ध चालू शतकाच्या आरंभी चिपळूणच्या ‘सह्याद्री निसर्ग मित्र’ या संस्थेने काम हाती घेतले.

सिंधुदुर्गनगरीहून निघणाऱ्या अभ्यासकाने रेल्वेने वा महामार्गाने कुडाळ गाठून वेंगुर्ल्यास जावे व बंदरालगतच्या टेकडीवर चढावे. हवा स्वच्छ असल्यास पश्चिमेस खडक दिसतात. निवती व भोगव्याहून होड्या खडकांपर्यंत जातात, परंतु त्या पावसाळ्याखेरीजच्या दिवसांत. आणि कड्यांना लाट लागत असल्याने उतरणे सोपे नसते. उतरता आले तरी विणीच्या काळात गुहांकडे फिरकू नये. दीपगृह आतून पाहावयाचे असल्यास देवगडचे अधिक सोयीचे. ते किल्ल्यातच असून ठराविक वेळेत पाहता येते. तेथे जिना चढून वर गेले म्हणजे एका बाजूस दुर्गाचा पडका तट व दुसऱ्या बाजूस बंदराचे मुख, दोन्ही एका दृष्टिक्षेपात येतात.