बिल्डचा साचा : मोटारीतील सॉफ्टवेअरच्या बांधणीची वाटचाल

मोटारीत चालणारे सॉफ्टवेअर प्रोग्रामर ज्या रूपात लिहितो त्या रूपात मोटारीत सहसा जात नाही. सी किंवा सी++ भाषेत लिहिलेल्या शेकडो फाइली कम्पायलर नावाचा प्रोग्राम आधी यंत्रभाषेत उतरवतो, लिंकर हा दुसरा प्रोग्राम ते तुकडे जोडून प्रत्येकाला मेमरीतील जागा नेमून देतो, आणि शेवटी हाती आलेली फाइल इंजिनाच्या, ब्रेकच्या किंवा पडद्याच्या नियंत्रकात, म्हणजे व्यवसायाच्या भाषेत ईसीयूमध्ये, भरली जाते. या साऱ्या क्रियेला बिल्ड म्हणतात, आणि नव्या प्रकल्पाच्या पहिल्याच दिवशी फोल्डरांची रचना, कम्पायलरची आवृत्ती, त्याला द्यायचे पर्याय, चाचण्यांचा क्रम हे सगळे आयते मांडून देणारा जो संच असतो तो बिल्ड टेम्प्लेट, अर्थात बांधणीचा साचा. ओताऱ्याच्या साच्यातून निघणारी घंटा दर वेळी तशीच निघते. या साच्यात मात्र काही भाग घट्ट असतो आणि काही जागा पुढच्या माणसाने भरण्यासाठी मोकळी सोडलेली असते. घट्ट भाग कोणी ठरवायचा आणि मोकळी जागा कोणाच्या वाट्याला यायची, हा वरवर तांत्रिक दिसणारा प्रश्न मोटार उद्योगात सुरुवातीपासून अधिकाराचा आणि जबाबदारीचा राहिला आहे, आणि साच्याचा इतिहास त्याच अंगाने वाचावा लागतो.

मोटारीत सॉफ्टवेअर शिरले ते प्रदूषणाचे कायदे आणि इंधनाची टंचाई यांच्या रेट्यामुळे. अमेरिकेत १९७० साली आलेल्या स्वच्छ हवेच्या कायद्याने धुरावर ज्या मर्यादा घातल्या त्या केवळ यांत्रिक सुट्या भागांच्या जोरावर पाळणे कठीण होत गेले, आणि १९७७ च्या ओल्डस्मोबिल टोरोनॅडो या गाडीत ठिणगी कधी पडावी एवढेच ठरवणारा मायक्रोप्रोसेसर जनरल मोटर्सने बसवला. १९८१ पर्यंत त्या कंपनीच्या अमेरिकेतील जवळजवळ सर्व पेट्रोल गाड्यांत संगणकीय नियंत्रक आला. या नियंत्रकाची एक खुबी मुद्दाम नोंदवण्यासारखी आहे. मुख्य प्रोग्राम सर्व गाड्यांना समाईक असे, तर त्या-त्या गाडीचे वजन, इंजिन आणि गिअरबॉक्स यांना अनुरूप आकडे एका वेगळ्या, उपसून काढता येणाऱ्या चिपमध्ये ठेवलेले असत; नियंत्रक बिघडला तर मेकॅनिक जुन्यातली ही चिप काढून नव्यात बसवत असे आणि बाकीचा डबा बदलून टाकत असे. घट्ट भाग आणि मोकळी जागा यांची ही फारकत कागदावर किंवा फाइलीत येण्याआधी अशी चिमट्याने धरता येण्याजोगी होती.

बांधणीचे साधन मात्र मोटार उद्योगाबाहेर जन्माला आले. अमेरिकेतील बेल लॅब्ज या संशोधनसंस्थेत १९७६ साली स्टुअर्ट फेल्डमन यांनी मेक नावाचा प्रोग्राम लिहिला. त्यांच्या सहकाऱ्याने प्रोग्राममधली चूक दुरुस्त केली होती, पण दुरुस्त फाइल पुन्हा कम्पाइल करायची राहून गेल्यामुळे आधीच निर्दोष झालेला प्रोग्राम तपासण्यात त्याची अख्खी सकाळ वाया गेली, आणि त्या वैतागातून ही कल्पना निघाली. मेकफाइल या साध्या मजकुराच्या फाइलीत कोणती फाइल कोणत्या फाइलींवर अवलंबून आहे आणि ती कशी तयार करायची हे लिहून ठेवायचे; मग मेक दोन्हींच्या बदलाची वेळ ताडून पाहतो आणि मूळ फाइल नंतरची असेल तर तेवढाच तुकडा नव्याने बांधतो. या फाइलीत आज्ञेच्या ओळीची सुरुवात टॅबनेच व्हावी लागते, मोकळ्या जागा चालत नाहीत, आणि डोळ्यांना दोन्ही सारखेच दिसत असल्यामुळे नवशिक्यांच्या कित्येक पिढ्या या अटीवर अडखळल्या आहेत. ही अट गैरसोयीची असल्याचे फेल्डमन यांच्या लवकरच लक्षात आले होते. परंतु तोवर त्यांचे डझनभर वापरकर्ते झाले होते आणि त्यांची घडी विस्कटू नये म्हणून त्यांनी ती तशीच ठेवली. एकदा लोकांच्या हातात गेलेला साचा त्याच्या कर्त्यालाही बदलता येत नाही, याचे इतके स्वच्छ उदाहरण या क्षेत्रात दुसरे नाही.

मोटारीच्या दृष्टीने मेकचा खरा दोष मात्र टॅबचा नव्हता. हा प्रोग्राम फाइलींच्या वेळा पाहतो, पण फाइल तीच राहून कम्पायलर बदलला, किंवा त्याला दिलेला एखादा पर्याय बदलला, तर आपण होऊन त्याची दखल घेत नाही. पर्यायातील एका अक्षराच्या फरकाने ब्रेकच्या गणिताचा यंत्रभाषेतील क्रम आणि वेग पालटू शकतो. त्यामुळे मोटारीच्या बांधणीत कम्पायलरची नेमकी आवृत्तीही साच्याचा भाग मानण्याची शिस्त हळूहळू रुजली. गाडी पंधरा-वीस वर्षे रस्त्यावर असते आणि प्रोग्रामरचा संगणक तीन-चार वर्षांत भंगारात जातो, ही तफावत लक्षात घेतली म्हणजे या शिस्तीमागची निकड कळते.

१९९० च्या दशकात साच्याचे स्वरूप पालटले, कारण मोटारीतील नियंत्रकांची संख्या वाढली आणि ते एकमेकांशी बोलू लागले. बॉश या जर्मन कंपनीने १९८६ साली डेट्रॉइटमध्ये कॅन ही संदेशवाहिनी जाहीर केली, जिच्यामुळे प्रत्येक दोन नियंत्रकांमध्ये स्वतंत्र तारा ओढण्याची गरज उरली नाही. आता एका गाडीत वेगवेगळ्या पुरवठादारांचे डबे एकाच तारेवर नांदू लागले, आणि प्रत्येकाची कार्यप्रणाली, प्रत्येकाची बांधणीची पद्धत निराळी असणे परवडेनासे झाले. जर्मन कंपन्यांनी १९९३ मध्ये ओसेक हा संयुक्त उपक्रम सुरू केला आणि पुढच्याच वर्षी रेनो व पीएसए या फ्रेंच कंपन्या आपला समांतर प्रयत्न घेऊन त्यात सामील झाल्या.

ओसेकने दिलेली ऑइल ही वर्णनभाषा या इतिहासात तिच्या योग्यतेच्या मानाने फारच कमी चर्चिली गेली आहे. ऑइलच्या फाइलीत नियंत्रकातील कामांची, म्हणजे टास्कची, यादी असते. प्रत्येक टास्कच्या नावाखाली त्याचा अग्रक्रम एका आकड्याने लिहिलेला असतो, गाडी सुरू होताच ते आपोआप सुरू व्हावे की नाही हे खरे-खोटे या एका शब्दात सांगितलेले असते, आणि ते मध्येच थांबवून दुसऱ्याला वाट द्यायची की पुरते संपू द्यायचे हेही ठरवलेले असते. एक जनक-प्रोग्राम, म्हणजे जनरेटर, ही यादी वाचून तिच्यावरून सी भाषेतील फाइली स्वतः लिहितो आणि त्यानंतरच नेहमीचा बिल्ड सुरू होतो. कार्यप्रणाली अशा रीतीने दर गाडीगणिक नव्याने घडवली जाते. जे टास्क यादीत नाही ते चालत्या गाडीत ऐनवेळी निर्माण होऊ शकत नाही. घरच्या संगणकावर हवा तेव्हा हवा तो प्रोग्राम उघडण्याची सवय असलेल्याला हा निर्बंध विचित्र वाटेल, परंतु ब्रेकच्या नियंत्रकाकडून नेमकी हीच अपेक्षा असते.

२००३ साली बीएमडब्ल्यू, बॉश, काँटिनेंटल, डाइमलर-क्रायस्लर, फोक्सवॅगन आदी कंपन्यांनी स्थापन केलेल्या ऑटोसारने हीच रीत पराकोटीला नेली. मानके ठरवताना सहकार्य आणि ती अमलात आणताना स्पर्धा, असे या संघाचे घोषित धोरण आहे. त्यात नियंत्रकाच्या सॉफ्टवेअरचे थर पाडले जातात: वर गाडीचे प्रत्यक्ष काम करणारे घटक, खाली हार्डवेअर सांभाळणारे पायाभूत सॉफ्टवेअर, आणि मधे दोघांना एकमेकांची ओळख लागू न देणारा आरटीई हा दुवा. या साऱ्यांचे वर्णन एआरएक्सएमएल नावाच्या फाइलींत असते, ज्या खऱ्या प्रकल्पात सहज लाखो ओळींच्या होतात आणि माणसाने वाचाव्यात अशी कोणाची अपेक्षाही नसते. या वर्णनातून साधन घटकाचा सांगाडा तयार करून देते: फंक्शनचे नाव, त्याला मिळणारी माहिती, त्याने द्यायचे उत्तर हे सगळे छापून आलेले, आणि मधे प्रोग्रामरसाठी राखलेली रिकामी जागा, जिच्या वर-खाली या टिपेला हात लावू नये अशी सूचना लिहिलेली. ती टीप पुसली तर पुढच्या वेळी सांगाडा नव्याने निघताना साधनाला माणसाचा मजकूर ओळखता येत नाही आणि तो वाहून जातो. इथे मोकळी जागा अक्षरशः दोन कुंपणांमधली झाली.

ऑटोसारवर अवजडपणाचा आरोप नेहमीच होतो आणि तो खोटाही नाही. लहानशा नियंत्रकासाठी पहिला बिल्ड निघेपर्यंत आठवडे लागावेत हे कोणत्याही तर्काने समर्थनीय नाही. तरीही एका पुरवठादाराचा घटक दुसऱ्याच्या डब्यात चालावा, आणि बिघाड झालाच तर तो कुंपणाच्या कोणत्या बाजूचा आहे हे सांगता यावे, ही सोय कंपन्यांना त्या आठवड्यांपेक्षा मोलाची वाटली. २०११ च्या आयएसओ २६२६२ या सुरक्षा-मानकाने तर प्रोग्रामबरोबर तो बांधणाऱ्या साधनांवर विश्वास का ठेवावा याचेही समर्थन मागितले, आणि तेव्हापासून साचा हा प्रयोगशाळेतील सोयीची वस्तू न राहता तपासनिसापुढे ठेवायचा पुरावा झाला.

याच सुमारास गाडीच्या पडद्यामागे लिनक्स ही खुली कार्यप्रणाली आली आणि तिच्याबरोबर अगदी वेगळ्या संस्कृतीतले साचे आले. लिनक्स फाउंडेशनच्या छत्राखाली २०१० साली सुरू झालेल्या योक्टो प्रकल्पात प्रत्येक सॉफ्टवेअरसाठी एक रेसिपी, म्हणजे पाककृती, असते आणि ती शिजवणाऱ्या प्रोग्रामचे नावही बिटबेक असे भट्टीला शोभेलसे आहे. रेसिपीत मूळ मजकूर कुठून आणायचा, त्यावर कोणती ठिगळे लावायची, तो कसा बांधायचा हे सांगितलेले असते. शिवाय परवान्याच्या मजकुराची एक गणिती खूण लिहिलेली असते, आणि मूळ लेखकाने परवान्यातील एक अक्षर जरी बदलले तरी खूण जुळत नाही व बिल्ड तिथेच अडतो. ज्या उद्योगाने आजवर पत्रा आणि रबर विकत घेतले त्याला दुसऱ्याचे मोफत सॉफ्टवेअर कोणत्या अटींवर वापरायचे हे शिकवण्याचे काम या एका ओळीने केले आहे.

२०१२ मध्ये सुरू झालेल्या ऑटोमोटिव्ह ग्रेड लिनक्स या प्रकल्पाने योक्टोचा पाया घेऊन त्यावर अॅप लिहिणाऱ्यांसाठी निराळे साचे तयार केले. त्यांतील एक सीमेकवर उभा होता. सीमेक हे वेगवेगळ्या यंत्रांसाठी मेकफाइल स्वतः लिहून देणारे साधन असून ते २००० च्या सुमारास अमेरिकेतील राष्ट्रीय वैद्यकीय ग्रंथालयाने पुरस्कृत केलेल्या प्रतिमा-विश्लेषणाच्या प्रकल्पासाठी घडले. रुग्णाच्या शरीराची चित्रे वाचण्याच्या कामातून निघालेले हे अवजार मोटारीच्या पडद्यापर्यंत येऊन पोहोचले. अॅप लिहिणाऱ्याने एका फाइलीत प्रकल्पाचे नाव, आवृत्ती आणि लागणाऱ्या लायब्रऱ्या, म्हणजे तयार प्रोग्राम-संच, एवढे भरायचे आणि बाकीची सर्व व्यवस्था साच्यावर सोपवायची, अशी ही रचना होती. टोयोटाची २०१८ ची कॅमरी ही या लिनक्सवर चालणारी त्या कंपनीची अमेरिकेतील पहिली गाडी ठरली.

अगदी अलीकडचा टप्पा २०२२ साली एक्लिप्स फाउंडेशनमध्ये स्थापन झालेल्या कार्यगटाचा आहे, ज्यातील वेलोसिटास या प्रकल्पाने गाडीचे अॅप लिहू इच्छिणाऱ्याला पायथन आणि सी++ साठी तयार साचे खुले करून दिले. साच्याची प्रत काढली की कम्पायलर आणि साधने ज्यात बंद केलेली आहेत असा कंटेनर, म्हणजे संगणकातला जणू सीलबंद संगणक, सोबत येतो. एक फाइल साच्याच्या कोणत्या भागाची कोणती आवृत्ती घ्यायची हे सांगते, दुसरी अॅपला गाडीतील कोणते संकेत वाचायचे आहेत ते सांगते, आणि चाचण्यांचा क्रमही आधीच लिहिलेला असतो. नमुन्यादाखल दिलेले एक अॅप आसन पुढे-मागे सरकवते, पण त्याआधी गाडीचा वेग वाचते आणि तो शून्य नसेल तर विनंती नाकारते. वेग या संकेताचे नाव आणि एकक कोवेसा या संघाच्या संकेत-सूचीत निश्चित असल्यामुळे अॅप लिहिणाऱ्याला गाडी कोणाची आहे हे ठाऊक असण्याची गरज नसते. कम्पायलर बदलल्याचे मेकला न कळण्याचा जुना दोष या सीलबंद कंटेनरने बव्हंशी निकालात काढला.

या सर्व काळात पुण्याचे नाव वारंवार येते. मोटारींची चाचणी करणारी एआरएआय ही संस्था १९६६ पासून तिथे आहे, १९९० साली स्थापन झालेली केपीआयटी ही कंपनी ऑटोसारच्या कामात सहभागी राहिली आहे, आणि युरोपीय कंपन्यांसाठी नियंत्रकांचे बिल्ड लावणे, फुटलेला बिल्ड दुरुस्त करणे, नव्या गाडीसाठी जुना साचा भरून देणे हा हिंजवडीतील हजारो अभियंत्यांचा दिनक्रम आहे. जर्मनीतील घड्याळ ऋतूनुसार साडेतीन किंवा साडेचार तास मागे असते. पुण्याची बरीचशी सकाळ तिकडे कोणी कामाला बसण्याआधी संपते, आणि त्या वेळात विचारायला माणूस नसल्यामुळे जे काही ठरले आहे ते साच्यात लिहिलेले असावे लागते. १ एप्रिल २०२० पासून लागू झालेल्या भारत स्टेज सहा या निकषांनी कार्ब्युरेटरची जागा इंधन-इंजेक्शनला देऊन बहुतेक दुचाकींतही नियंत्रक आणला, त्यामुळे हे काम आता परदेशी गाड्यांपुरते राहिलेले नाही. गाडीतील सॉफ्टवेअर नंतर बदलले तर त्याची नेमकी आवृत्ती दाखवता यावी, अशी सक्ती संयुक्त राष्ट्रांच्या आर १५६ या नियमाने केली असून युरोपात जुलै २०२४ पासून ती सर्व नव्या गाड्यांना लागू आहे. आवृत्ती दाखवायची तर ती जशीच्या तशी पुन्हा बांधता आली पाहिजे, आणि त्यासाठी साचा जपून ठेवणे आले; पुण्यात हे जपण्याचे आणि भरण्याचे काम जगातल्या कोणत्याही केंद्राच्या तोडीचे होते. साच्याचा घट्ट भाग जिथे ठरतो त्या ऑटोसारच्या कोअर पार्टनरांच्या यादीत मात्र बीएमडब्ल्यू, बॉश, फोर्ड, टोयोटा, फोक्सवॅगन अशी नावे आहेत आणि त्यांत एकही भारतीय कंपनी नाही.