मोटार-प्रणालीचे ऊर्जाबचत नूतनीकरण

कारखान्यातली विद्युत मोटार, तिला वीज देणारा स्टार्टर किंवा ड्राइव्ह, मधला पट्टा, पुली, गिअरबॉक्स आणि टोकाला चालणारे यंत्र ही सगळी साखळी तपासून तेच काम कमी युनिटांत होईल अशी करणे, म्हणजे मोटार-प्रणालीचे नूतनीकरण. जुनी मोटार काढून नवी बसवणे हा त्यातला एक भाग. तो नेहमीच सर्वांत मोठा असतो असे नाही.

आंतरराष्ट्रीय ऊर्जा संस्थेच्या २०११ मधील अभ्यासानुसार जगात वापरल्या जाणाऱ्या एकूण विजेपैकी ४३ ते ४६ टक्के वीज मोटारींवर चालणाऱ्या यंत्रणांत जाते. नाशिकच्या इंदिरानगरात राहणाऱ्याला हे पटायला वेळ लागू नये. बोगद्यातून महामार्ग ओलांडला की सिडको आणि त्यापुढे अंबडची औद्योगिक वसाहत. सकाळची पाळी धरायला निघालेली माणसे दिवसभर ज्यांच्यापाशी उभी राहतात ते लेथ, प्रेस, मोल्डिंग मशीन, कॉम्प्रेसर, कूलिंग टॉवरचे पंखे सगळे मोटारीवरच फिरते. या भागाच्या नळाला येणारे मुकणे धरणाचे पाणीसुद्धा आधी पंपांनी उचलून विल्होळीच्या जलशुद्धीकरण केंद्रात आणावे लागते.

मोटारींची प्रत ठरवणारे भारतीय मानक म्हणजे आयएस १२६१५. त्याची २०१८ ची आवृत्ती १२० वॅटपासून १,००० किलोवॅटपर्यंतच्या मोटारींना लागू आहे. वर्गाची खूण नेमप्लेटवर असते: आयई-२, आयई-३, आयई-४. आकडा जितका मोठा तितकी वाया जाणारी वीज कमी. २०१७ च्या केंद्रीय गुणवत्ता नियंत्रण आदेशानंतर आयई-२ च्या खालची प्रत नव्या मोटारींच्या बाजारातून हद्दपार झाली. पण जुन्या शेडमध्ये वीस-पंचवीस वर्षे फिरत असलेल्या मोटारींना हा आदेश हात लावत नाही, आणि खरा प्रश्न त्यांचाच आहे.

२० एचपीची, म्हणजे साधारण १५ किलोवॅटची, चार पोलची मोटार घेऊ. आयई-१ वर्गात तिची कार्यक्षमता ८८.७ टक्के, आयई-३ मध्ये ९२.१ टक्के. साडेतीन टक्क्यांनाही न भिडणारा हा फरक किरकोळ दिसतो. पूर्ण लोडवर वर्षाला ६,००० तास चालली तर जुनी मोटार सुमारे १ लाख १ हजार युनिटे घेते आणि नवी तिच्यापेक्षा जवळपास ३,७५० युनिटे कमी. युनिटला ९ रुपये धरले तर वर्षाला सुमारे ३३,७०० रुपये वाचतात. याच हिशेबाने जुन्या मोटारीचे वर्षाचे वीजबिल ९ लाखांच्या पुढे जाते, तिच्या खरेदीच्या किमतीच्या कित्येक पट. तरीही खरेदी विभागात दोन कोटेशनमधल्या पाच-सात हजारांवरून घासाघीस होते आणि बिलाचा कागद दुसऱ्याच टेबलावर पडून असतो.

मोटार बदलायचा निर्णय प्रत्यक्षात होतो तो ती जळाल्यावर, आणि तोही घाईत. ऑर्डर अडकलेली, लाइन बंद, पाळी हात बांधून बसलेली. अशा वेळी मोटार टेम्पोत घालून वाइंडिंगच्या दुकानात जाते. तिथे छिन्नीने जुन्या कॉइलींची टोके छाटतात. आतले तांबे सुटावे म्हणून स्टेटरला आग देतात, तेव्हा जळक्या व्हार्निशचा उग्र वास गल्लीभर पसरतो. मग स्लॉट घासून साफ करायचे, इन्सुलेशनचा कागद बसवायचा, वेढे मोजून नवी तार भरायची आणि व्हार्निश पाजून वाळवायचे, कधी भट्टीत तर कधी नुसता मोठा बल्ब आत ठेवून. हे काम हाताच्या कसबाचे आहे आणि ते येणाऱ्या माणसाला मान द्यायलाच हवा. धोका असतो आगीच्या पायरीत. स्टेटरचा गाभा पातळ पत्र्यांच्या चवडीचा असतो आणि प्रत्येक पत्र्यावर विजेला अडवणारा लेप असतो. ताप बेसुमार झाला की तो लेप जातो, पत्र्यापत्र्यांत भोवरी प्रवाह फिरू लागतात आणि मोटार कायमची जास्त तापू लागते. अमेरिका आणि ब्रिटनमधल्या मोटार-दुरुस्ती व्यावसायिकांच्या संघटनांनी २००३ मध्ये केलेल्या चाचण्यांत दिसले, की तापमानावर ताबा ठेवून आणि तारेचा आडवा छेद न घटवता काम केले तर कार्यक्षमता टिकते. म्हणून दुकानात विचारायचा प्रश्न दराइतकाच भट्टीचाही आहे. कोणती मोटार जळाली तर पुन्हा भरायची आणि कोणती थेट बदलायची, याची यादी आधीच करून पॅनलशेजारी लावलेली असेल तर रात्री अडीच वाजता सुपरवायझरला अंदाजाने ठरवावे लागत नाही.

नाशिकला मोटार भरण्याचे काम नवे नाही. रेल्वेच्या इंजिनांच्या ट्रॅक्शन मोटारींची दुरुस्ती करणारा कारखाना नाशिकरोडलाच आहे.

वेग बदलणाऱ्या ड्राइव्हचा, म्हणजे व्हीएफडीचा, फायदा सर्वांत ठळक दिसतो तो पंखे, ब्लोअर आणि सेंट्रिफ्यूगल पंपांवर. इथे लागणारी शक्ती वेगाच्या घनाच्या प्रमाणात बदलते. ५० हर्ट्झवरचा पंखा ४० वर आणला की हवा ८० टक्के मिळते आणि शक्ती जवळजवळ निम्मी लागते. डॅम्पर आवळून हवा कमी केली तर एवढी बचत होत नाही. मात्र हा नियम सगळीकडे चालत नाही. धरणातून पाणी वर चढवणाऱ्या पंपाला चढावाचे ओझे वेग कमी केल्याने टळत नाही, म्हणून तिथली बचत कमी भरते. कायम एकाच वेगाने पूर्ण लोडवर चालणाऱ्या यंत्राला ड्राइव्ह लावणे तर तोट्याचेच, कारण तो स्वतः २ ते ४ टक्के वीज खातो. शिवाय त्याच्यामुळे लाइनवर हार्मोनिक्स वाढतात आणि जुन्या मोटारीच्या बेअरिंगलाही त्रास होऊ शकतो.

एक फसगत मुद्दाम सांगायला हवी. चांगल्या प्रतीच्या मोटारीची स्लिप कमी असते, म्हणजे ती थोडी जास्त वेगाने फिरते. १,४४० फेऱ्यांच्या जागी १,४६५ फेऱ्यांची मोटार आली आणि पुली तीच राहिली, तर पंख्याला पाच टक्के जास्त शक्ती लागते. कार्यक्षमतेत कमावलेले सगळे पंखाच गिळतो. मग महिनाअखेर बिल तेवढेच येते आणि दोष नव्या मोटारीवर जातो. पुली बदलणे हे काही हजारांचे काम, पण कोणाच्याच यादीत नसते.

अंबड-सातपूरच्या प्लास्टिक मोल्डिंगवाल्यांचे दुखणे वेगळे. जुन्या हायड्रॉलिक मशीनमध्ये साचा थंड होत असतानाही पंप पूर्ण वेगाने फिरतो आणि नको असलेले तेल रिलीफ व्हॉल्व्हमधून टाकीत परत जाते. सर्व्हो मोटारीचा पंप त्या काळात जवळजवळ थांबतो. तेल कमी तापते, म्हणून ते थंड करणाऱ्या पाण्याची गरजही घटते. कॉम्प्रेसरचे गणित आणखी सोपे: दाब एक बारने उतरवला तर सुमारे ६ ते ७ टक्के वीज वाचते आणि त्यासाठी काहीच विकत घ्यावे लागत नाही. रविवारी कारखाना बंद असताना कॉम्प्रेसर सुरू करून शेडमध्ये उभे राहिले की गळणारे सांधे कानांनीच सापडतात.

लहान उद्योजकाला बचत नको असते असे नाही. त्याच्याकडे एकदम टाकायला भांडवल नसते. त्यावर २०१७ मध्ये केंद्राच्या वस्त्रोद्योग आणि ऊर्जा खात्यांनी यंत्रमागधारकांसाठी ‘साथी’ ही योजना आणली. ईईएसएल या सरकारी कंपनीने कार्यक्षम मोटारी आणि रेपियर किट घाऊक घ्यायचे, मागधारकाकडून आधी पैसे न मागता बसवून द्यायचे आणि वाचलेल्या बिलातून चार-पाच वर्षांत हप्त्यांनी वसूल करायचे, अशी तिची रचना. इचलकरंजी तिच्या पहिल्या केंद्रांपैकी होते. मालेगावसारखे यंत्रमागाचे गाव ज्या जिल्ह्यात आहे, तिथे ही रचना नीट अभ्यासण्यासारखी आहे.

कामाची सुरुवात मोजण्याने होते. टाँग टेस्टरने करंट बघून अंदाज येतो, पण अर्ध्याहून कमी लोडवर तो फसवतो, कारण पॉवर फॅक्टर घसरला तरी करंट फारसा उतरत नाही. किलोवॅट दाखवणारा मीटर आठवडाभर लावून ठेवावा लागतो. त्यात नेहमी दिसते, की गरज दहा एचपीची आणि मोटार वीसची. महाराष्ट्रात उच्चदाब ग्राहकांना एप्रिल २०२० पासून केव्हीएएच पद्धतीने बिल येते, त्यामुळे अशा ओव्हरसाइज मोटारीचा घसरलेला पॉवर फॅक्टर थेट बिलात उतरतो.

काढलेल्या मोटारीचे काय करायचे हेही आधीच ठरवलेले बरे. ती सेकंडहँड बाजारात गेली तर शेजारच्या शेडमध्ये, नाहीतर एखाद्या विहिरीवर, आणखी दहा वर्षे तेवढीच वीज खात राहते. भंगारात दिली तर तांबे, पत्रा आणि बिडाची बॉडी वेगवेगळ्या दराने वजनावर जाते. देण्यापूर्वी शाफ्ट कापून टाकला की ती पुन्हा कुठल्याच पुलीला लागत नाही.