इम्प्रेझा डब्ल्यूआरएक्स एसटीआय : सस्पेन्शन व इंटरकूलरमधील बदल

जपानच्या सुबारू कंपनीच्या इम्प्रेझा मोटारीची टर्बोचार्जर व फोर-व्हील ड्राइव्ह असलेली वेगवान आवृत्ती म्हणजे डब्ल्यूआरएक्स एसटीआय. यातील ‘एसटीआय’ ही अक्षरे कंपनीने १९८८ मध्ये स्थापन केलेल्या सुबारू टेक्निका इंटरनॅशनल या स्पर्धा-विभागाची. ही गाडी १९९४ मध्ये जपानात प्रथम विकली गेली आणि २०२१ मध्ये तिचे उत्पादन थांबले. जागतिक रॅली स्पर्धेत कॉलिन मॅक्रे (१९९५), रिचर्ड बर्न्स (२००१) व पेटर सोलबर्ग (२००३) हे इम्प्रेझा चालवून विजेते ठरले; उत्पादकांचे विजेतेपदही सुबारूने १९९५ ते १९९७ सलग तीन वर्षे मिळवले. या लौकिकामुळे तिच्याभोवती बाहेरच्या सुट्या भागांचा मोठा बाजार उभा राहिला. स्वीडनची ओलिन्स, जर्मनीची बिलस्टाइन आणि आयबाख, जपानची टाइन आणि कुस्को अशा अनेक कंपन्यांचे भाग तिला बसतात. त्यामुळे मालकापुढचा खरा प्रश्न काय घ्यावे हा नसतो. कशावाचून चालेल, हा असतो.

टर्बोचार्जर हवा दाबतो तेव्हा ती तापते. हवेचे तापमान ३० अंश सेल्सियस असेल, टर्बो तिला वातावरणाच्या दुप्पट दाबापर्यंत नेत असेल आणि त्याच्या कॉम्प्रेसरची कार्यक्षमता ७० टक्के असेल, तर बाहेर पडणारी हवा सुमारे १२५ अंशांवर जाते. तापलेली हवा विरळ असते, शिवाय तिच्यामुळे सिलिंडरमध्ये पेट्रोल अवेळी भडकून ‘नॉकिंग’ होण्याची भीती वाढते. हा ताप काढून टाकण्याचे काम इंटरकूलरचे. वरच्या उदाहरणात ७० टक्के परिणामकारक इंटरकूलर हवा सुमारे ५८ अंशांवर आणतो, ८० टक्क्यांचा ४९ अंशांवर. म्हणजे महागडा इंटरकूलर लावून हवेची घनता वाढली ती जेमतेम तीन टक्के. जाहिरातींतले अश्वशक्तीचे भरघोस आकडे बहुधा इंटरकूलरचे नसून सोबत केलेल्या नव्या ट्यूनिंगचे, म्हणजे वाढवलेल्या बूस्टचे असतात. चांगल्या इंटरकूलरचा मोठा गुण वेगळाच आहे : पहिल्या फेरीला मिळालेली शक्ती तो पाचव्या फेरीलाही टिकवतो.

एसटीआयमध्ये इंटरकूलर इंजिनच्या वर आडवा बसवलेला असतो आणि बॉनेटवरच्या त्या प्रसिद्ध नाकपुडीतून त्याला वारा मिळतो. आडव्या सिलिंडरांचे बॉक्सर इंजिन बसके असल्यामुळे ही जागा मोकळी सापडते. नळ्या आखूड राहतात, वजनही कमी. गाडी पळत असेपर्यंत ही मांडणी उत्तम चालते. सिग्नलला उभी राहिली की खालच्या इंजिनाची धग वर चढते आणि इंटरकूलर स्वतःच तापून बसतो. सुबारूने काही वर्षांच्या गाड्यांत त्यावर पाणी फवारण्याची सोयही दिली होती. चालकाने बटण दाबले की डिकीतल्या टाकीतून फवारा येई. ही रॅलीतून आलेली युक्ती आजही हास्यास्पद वाटत नाही.

अमेरिकेतील एसटीआयच्या २.५ लिटर ईजे२५७ इंजिनाबाबत एक बारकावा खरेदीआधी माहीत हवा. हवेचे तापमान मोजणारा सेन्सर त्यात एअर फिल्टरजवळच्या एअरफ्लो सेन्सरमध्ये, म्हणजे टर्बोच्या आधी असतो. इंटरकूलर तापून लाल झाला तरी इंजिनाच्या संगणकाला त्याचा थेट पत्ता लागत नाही. नॉक सेन्सरने तक्रार केली की मगच तो इग्निशन मागे घेतो. याच इंजिनाच्या पिस्टनमधील रिंगांमधली कड नॉकिंगने तुटते, ही त्याची ठाऊक असलेली दुखरी जागा. तेव्हा या गाडीत इंटरकूलर हा शक्तीपेक्षा आयुर्मानाचा विषय आहे, असे म्हणणे जास्त योग्य ठरेल.

पर्याय मुख्यतः दोन. पहिला, त्याच जागी बसणारा मोठा इंटरकूलर. तो घेताना बॉनेटच्या नाकपुडीतली हवा थेट त्याच्या पूर्ण पृष्ठभागावर जाते का, हे पाहावे लागते. खालचे हवामार्गाचे आवरण जुन्या मापाचेच राहिले, तर वाढलेल्या कोअरच्या कडांना वाराच मिळत नाही आणि पैसे वजनावर खर्च होतात. दुसरा, बंपरमागे रेडिएटरच्या पुढे बसणारा फ्रंट-माउंट. तो थंड हवेत असतो, ट्रॅकवर सलग फेऱ्या मारणाऱ्यांसाठी आणि मूळच्यापेक्षा मोठा टर्बो लावणाऱ्यांसाठी तोच रास्त. मात्र त्यापायी बंपरमागचा आडवा बीम कापावा किंवा बदलावा लागू शकतो, एअर फिल्टरचा डबा सरकवावा लागू शकतो, आणि रेडिएटरकडे जाणारा वारा अडतो. लांब नळ्यांमुळे टर्बोला फार उशीर होतो, ही तक्रार अंमळ फुगवलेली आहे. सहा लिटर जास्तीची हवा २.५ लिटरचे इंजिन मिनिटाला ३,००० फेऱ्यांवर सुमारे दशांश सेकंदात ओढते. नळ्या भरायला त्याहून थोडा जास्त वेळ लागला तरी रस्त्यावर तो निर्णायक नसतो. जोडांतून होणारी गळती मात्र निर्णायक असते. नळ्या बसवल्यावर दाब देऊन गळती तपासणे आणि त्या गाडीपुरते ट्यूनिंग करून घेणे, हे खर्चात आधीच धरावे. ब्लो-ऑफ व्हॉल्व्हची हवा बाहेर सोडणे हा लोकप्रिय शौक सुबारूला मानवत नाही. सेन्सरने मोजलेली हवा बाहेर निघून जाते, पेट्रोल मात्र तिच्या हिशेबाने पडते.

कोअरच्या बांधणीत ‘बार-अँड-प्लेट’ जड असतो, धातू जास्त असल्यामुळे थोड्या वेळाचा ताप पोटात घेतो आणि दगड लागले तरी टिकतो. ‘ट्यूब-अँड-फिन’ हलका आणि त्यातून मागच्या रेडिएटरकडे वारा सहज जातो. कोअर कोणताही असो, विक्रेत्याकडे दोन आकडे मागावेत : ठरावीक प्रवाहाला तापमान किती उतरते आणि दाब किती पडतो. पहिलाच आकडा छापणारे बरेच आहेत. दाब पडला की तेवढाच बूस्ट देण्यासाठी टर्बोला जास्त राबावे लागते, म्हणजे पुन्हा हवा तापते.

सस्पेन्शनच्या बाबतीत खर्चाचा क्रम लोक उलटा लावतात. टायर जुने, बुश झिजलेले आणि गाडीवर मात्र कॉइलओव्हर, असे दृश्य दुर्मीळ नाही. एसटीआयला पुढे मॅकफर्सन स्ट्रट आहेत. मागे २००७ च्या शेवटी आलेल्या पिढीपासून डबल विशबोन, त्याआधी तिथेही स्ट्रट. स्ट्रटमध्ये स्प्रिंग जवळपास चाकाइतकीच हलते, म्हणून स्प्रिंगचा छापील कडकपणा चाकापाशीही जवळपास तेवढाच मिळतो. विशबोनमध्ये तसे नाही. स्प्रिंगची हालचाल चाकाच्या ०.७ पट असेल, तर चाकापाशी मिळणारा कडकपणा ०.७ चा वर्ग, म्हणजे निम्म्याच्या आसपास. त्यामुळे ‘पुढे ८, मागे ८ किलो’ (प्रति मिलिमीटर) असे वाचून गाडी पुढे-मागे सारखीच कडक झाली, असे समजू नये.

स्प्रिंग निवडण्याचे विश्वासार्ह माप म्हणजे गाडीच्या डोलण्याची वारंवारता. एका चाकावर स्प्रिंगने पेललेले वजन ३८० किलो धरले, तर चाकापाशी ४० न्यूटन प्रति मिलिमीटर कडकपणाला ती १.६ हर्ट्झ येते, ८० ला २.३. आरामशीर कुटुंबगाडी १ ते १.५ हर्ट्झच्या पट्ट्यात असते. रस्त्यावरच्या चपळ गाडीला २ च्या अलीकडे थांबणे बरे. त्यापलीकडे खडबडीत रस्त्यावर चाक जमिनीला चिकटण्याऐवजी उडू लागते आणि गाडी कडक असूनही मंद होते.

गाडी खाली बसवण्याची हौस सर्वांत जास्त आणि तिची किंमतही. मॅकफर्सन स्ट्रटची पुढची बाजू साधारण ३० मिलिमीटरपेक्षा जास्त उतरवली की खालचा आर्म चाकाकडे वर कलतो, रोल सेंटर (ज्या बिंदूभोवती गाडी झुकते तो) गाडीच्या गुरुत्वमध्यापेक्षा वेगाने खाली जाते आणि दिसायला बसकी गाडी वळणावर आधीइतकीच, कधी जास्तही झुकते. उपाय म्हणून लांब बॉल जॉइंटचे रोल सेंटर किट येतात. मूळ शॉक अ‍ॅब्सॉर्बरवर नुसत्या आखूड स्प्रिंगा चढवल्या, तर शॉकची चाल संपत येते आणि गाडी बंप स्टॉपवर आपटत राहते. काही वर्षांच्या एसटीआयला उलटे बसवलेले स्ट्रट होते. वळणाच्या भाराखाली ते कमी वाकतात, पण ग्रीस आटले की ठोक्यांचा आवाज येतो. तो ऐकून सगळा संच फेकणारे बरेच जण थोड्या ग्रीसवर वाचले असते.

कमी पैशांत सर्वाधिक फरक पाडणारा भाग बहुधा मागचा अँटी-रोल बार. बारचा कडकपणा व्यासाच्या चौथ्या घातात वाढतो. २० ऐवजी २२ मिलिमीटरचा भरीव बार ४६ टक्के कडक होतो. समोरून बाहेर सरकण्याची या गाडीची सवय त्याने कमी होते. ओल्या रस्त्यावर तो अंगाशी येऊ शकतो, म्हणून भोके बदलून कडकपणा बदलता येणारा घ्यावा. डॅम्परच्या, म्हणजे शॉकच्या, बाबतीत एकाच खटक्याने दाब व परतीची गती दोन्ही बदलणारे स्वस्त संच आणि दोन्ही वेगळे लावता येणारे महाग संच असा भेद आहे. खटके ३२ असले म्हणजे उपयोगी ३२ असतातच असे नाही. बसवणाऱ्याकडून एक गोष्ट आवर्जून करून घ्यावी : रबर बुशचे नट गाडी लिफ्टवर लटकलेली असताना नव्हे, चाकांवर भार असताना आवळायचे. नंतर व्हील अलाइनमेंट. नट लटकत्या गाडीतच आवळले तर नवे बुश लवकर फाटतात.

नियम देशागणिक बदलतात. जपानच्या वाहन-तपासणीत जमिनीपासून ९० मिलिमीटर मोकळी जागा लागते. जर्मनीत स्प्रिंगांना प्रकार-मान्यतेचा कागद किंवा तपासणी संस्थेची नोंद हवी. भारतात मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ चा आधार घेऊन सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये निर्मात्याच्या मूळ तपशिलाशी विसंगत बदलांवर बोट ठेवले. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने आलेल्या कलम १८२अ नुसार अनधिकृत बदल करणाऱ्या मालकाला प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकते.

एसटीआयचे हिशेब दुसऱ्या गाडीवर जसेच्या तसे चढवता येत नाहीत. पुण्याजवळ चाकणला बनलेल्या फोक्सवॅगन पोलो जीटी टीएसआयमध्ये इंटरकूलर पाण्याने थंड होणारा असून तो इनटेक मॅनिफोल्डमध्येच बसवलेला आहे. तिला बंपरमागे मोठा कोअर लावायचा, तर आधी मॅनिफोल्डची मांडणीच बदलावी लागते.