निश्चल चेहऱ्यामागे

फेब्रुवारी महिना आला की आम्हा वसईकरांना संत गोन्सालो गार्सिया यांचे स्मरण होते. ५ फेब्रुवारी १५९७ रोजी जपानमधील नागासाकी येथे क्रुसावर चढवून ज्या सव्वीस जणांना भाल्यांनी मारण्यात आले, त्यांत वसईचे हे सुपुत्र होते. त्यांनी आपली श्रद्धा सर्वांदेखत प्रकट केली. त्याच भूमीत पुढे अडीचशे वर्षे जे लोक श्रद्धा पोटात ठेवून जगले, त्यांची आठवण मात्र आपण क्वचितच काढतो.

१६१४ साली जपानी राज्यकर्त्यांनी ख्रिस्ती धर्मावर देशभर बंदी घातली. धर्मगुरूंना हद्दपार केले. प्रत्येक घराची नोंद बौद्ध मंदिरात होऊ लागली. नागासाकीच्या परिसरात दरवर्षी लोकांना रांगेने बोलावून ख्रिस्ताच्या वा मरियामातेच्या प्रतिमेवर पाय ठेवायला लावीत. या प्रतिमेला ‘फुमी-ए’ म्हणत. अधिकाऱ्यांची नजर पायांवर असे, तशीच चेहऱ्यावरही असे. पाऊल किंचित अडखळले, डोळा पाणावला, तरी संशयाला तेवढे पुरे होई. शिवाय पाच-पाच घरांचे गट परस्परांना जबाबदार धरलेले होते. एकाच्या अश्रूची शिक्षा शेजारच्या चार घरांनाही भोगावी लागली असती. भावना लपविण्यामागे स्वतःच्या जिवाचे भय होते, तशीच शेजाऱ्याची काळजीही होती, हे आपण विसरू नये.

चेहरा दगडासारखा ठेवून ही माणसे घरी परतत आणि पश्चात्तापाची प्रार्थना म्हणत. कान्नोन या बौद्ध देवतेच्या मूर्तीत ती मरियामातेला पाहत. घरात मृत्यू झाला की बौद्ध भिक्षू मंत्र म्हणे, तेव्हा आतल्या खोलीत दबल्या आवाजात ख्रिस्ती प्रार्थना चाले. दुःख एकच, पण ते दोन भाषांत व्यक्त करावे लागे. धर्मगुरू नसताना स्नानसंस्कार मात्र पिढ्यान् पिढ्या चालू राहिला.

१७ मार्च १८६५ रोजी उराकामी गावचे काही लोक नागासाकीच्या नव्या ओउरा चर्चमध्ये आले. त्यांतील एका स्त्रीने फादर पेतीजाँ यांच्या जवळ जाऊन, आमचे अंतःकरण आणि आपले अंतःकरण एकच आहे, असे हळूच सांगितले आणि मरियामातेची मूर्ती कोठे आहे, असे विचारले. या प्रकटीकरणाची किंमतही त्यांना मोजावी लागली. १८६८ पासून उराकामीच्या तीन हजारांहून अधिक लोकांना हद्दपारी सोसावी लागली. १८७३ मध्ये बंदीचे फलक उतरले, तेव्हा कोठे ती संपली.

तरीही सगळेच उघड्यावर आले नाहीत. काही कुटुंबे आपल्या पूर्वजांच्या गुप्त रीतीलाच धरून राहिली. जे पिढ्यान् पिढ्या जिवापाड लपविले, ते लपविणेच त्यांच्या भक्तीचे रूप झाले होते.

संत गोन्सालोंचा सण आपण थाटाने साजरा करतो, तो योग्यच आहे. त्या दिवशी या अनाम माणसांसाठीही क्षणभर मान झुकवावी, असे आम्हांस वाटते. प्रतिमेवर पाय ठेवणाऱ्याला पाषाणहृदयी म्हणणे सोपे आहे. त्या रात्री त्याच्या घरात काय चालले, ते अधिकाऱ्यालाही दिसले नव्हते.