नाव वेलीचे की भूमीचे?

फेसाळणाऱ्या द्राक्षासवाचा विषय निघाला की आपल्याकडील सुशिक्षितांस फ्रान्समधील शँपेन तेवढे आठवते. वस्तुतः ह्या विद्येत इटलीचा वाटाही लहान नाही. त्या देशाच्या अनुभवात आमच्या कृष्णाकाठच्या द्राक्षबागाइतदारांस विचार करावयास लावील असा एक भाग आहे, म्हणून त्याचा परामर्श येथे घेतला आहे. मद्याची भलावण करणे हा हेतू नव्हे.

द्राक्षरस एकदा आंबून आसव झाल्यावर त्यात साखर व किण्व घालून ते बंदिस्त जागी पुन्हा आंबविले, म्हणजे उत्पन्न होणारा वायू त्यातच विरघळून राहतो आणि बूच निघताच फेसाच्या रूपाने उसळतो. हे दुसरे आंबणे कोठे घडवावयाचे, ह्यावरून दोन पंथ पडले. लोंबार्दी प्रांतातील फ्रांचाकोर्ता भागात ते बाटलीतच होते. त्यास वेळ व खर्च फार. उलट फेदेरिको मार्तिनोत्ती ह्याने १८९५ साली ते मोठ्या बंद टाकीत घडविण्याची युक्ती काढली, व पुढे फ्रान्समधील शार्मा ह्याने ती सुधारली. प्रोसेक्को बहुतांशी ह्याच युक्तीने होते. म्हणून ते स्वस्त पडते व फळाचा ताजा गंध राखते.

वर्गवारीचे निकष दोन : गोडी व भूमी. लिटरमागे १२ ग्रॅमहून कमी साखर असेल ते ‘ब्रूट’, १२ ते १७ ग्रॅम असेल ते ‘एक्स्ट्रा ड्राय’, आणि १७ ते ३२ ग्रॅम असेल ते ‘ड्राय’. तेव्हा ‘ड्राय’ म्हणजे सर्वांत कोरडे असे समजणाऱ्याची फसगत ठरलेलीच! परंतु दुसरा निकष अधिक महत्त्वाचा. १९६३ च्या कायद्यापासून इटलीत कोणत्या हद्दीत, कोणत्या द्राक्षापासून केलेल्या आसवास कोणते नाव द्यावे, हे सरकार ठरवून देते. प्रोसेक्को हे त्रिएस्तेजवळच्या एका गावाचे नाव. तेच द्राक्षाच्या जातीचेही होऊन बसले होते. जातीची वेल कोणीही, कोठेही लावावी. मग नावावर हक्क कोणाचा? २००९ साली इटलीने ह्या जातीचे नाव ‘ग्लेरा’ ठरविले आणि ‘प्रोसेक्को’ हे नाव भूमीसाठी राखून ठेवले. वेलीचे नाव गेले, पण भूमीचे वाचले.

आता तासगावाकडे पाहू. तालुक्यातील बोरगावच्या बागाइतदारांनी थॉमसन सीडलेस ह्या परदेशी जातीच्या वेलींतून लांबट मण्यांची वेल निवडून काढली व तिला ‘तास-ए-गणेश’ हे नाव मिळाले. त्या नावात तासगाव आहे आणि परशुरामभाऊ पटवर्धनांनी ज्याचे देऊळ बांधिले तो गणपतीही आहे. परंतु ही वेल नाशिक-सोलापुरापर्यंत पसरली आणि तिच्या नावावरून माल कोठला हे कळेनासे झाले. इटलीने जी गाठ सोडविली, तीच आम्ही कौतुकाने मारली.

भूमीच्या नावाची कथाही सरळ नाही. तासगाव तालुका इंग्रजी अमलात सातारा जिल्ह्यात होता. सांगली ही पटवर्धनांच्या संस्थानाची राजधानी. १९४९ साली ‘दक्षिण सातारा’ जिल्हा झाला आणि १९६० साली त्यास ‘सांगली’ हे नाव मिळाले. द्राक्षासवाच्या द्वारे हे नाव जगापुढे नेण्याचा प्रयत्नही झाला. २००१ च्या शासकीय धोरणानंतर पलूस येथे त्यासाठी खास औद्योगिक क्षेत्र निघाले. परंतु त्यास नाशिकचे यश लाभले नाही. आसवाचे द्राक्ष लहान, आंबटसर व बियांचे. ते ताटात खपत नाही. खाण्याच्या द्राक्षाचा भाव कोसळला तर त्याचा बेदाणा करिता येतो. आसवाच्या द्राक्षास कारखानदाराने पाठ फिरविली की दुसरा आसरा नाही. शेतकऱ्याने जवळची वाट धरली, ह्यात त्याचा दोष काय?

आणि त्याच वाटेने भूमीस नाव मिळाले. पोटॅशियम कार्बोनेट व तेलाच्या द्रावणात बुडविलेली द्राक्षे सावलीत जाळ्यांवर सुमारे पंधरवडाभर सुकतात. चार किलोंचा अदमासे एक किलो बेदाणा उतरतो. पूर्वभागाची कोरडी हवा, जी इतर पिकांस शाप, ती येथे वरदान ठरते. २०१६ साली ‘सांगलीचा बेदाणा’ भौगोलिक मानांकनाच्या नोंदणीत दाखल झाला.

ह्याच्या उलट उदाहरण नारायणगावचे. १९८० नंतरच्या दशकात श्यामराव चौगुले ह्यांनी फ्रेंच तज्ज्ञांच्या साहाय्याने तेथे फेसाळ आसव काढिले व ‘ओमर खय्याम’ ह्या नावाने परदेशी पाठविले. धाडस असामान्य; पण नाव इराणी कवीचे, त्यात ना वेल ना भूमी. पुढे कंपनी बुडाली आणि कीर्तीही तिच्याबरोबर गेली. कंपनीचे नाव कंपनीपुरते टिकते. भूमीचे नाव पिढ्यान्‌पिढ्या पोसते. मात्र नोंदणीचा कागद हे काम एकटा करीत नाही. त्या नावाखाली हलका वा परका माल खपविला, तर कायद्याने दिलेले नाव बाजार काढून घेतो. इटलीने आपल्या नावासाठी वेलीचे नाव सोडले. आम्हांस केवळ मोह सोडावयाचा आहे.