लिनक्स संगणकाचे घड्याळ चुकते तेव्हा

गोव्याच्या पूर्व सीमेला लागून, सह्याद्रीच्या माथ्यावर, जोयडा तालुक्यातील दिग्गी हे गाव आहे. तालुक्याचे जुने नाव सुपा. काळी नदीचा उगम दिग्गीच्याच परिसरात मानला जातो. पुढे सुप्याच्या धरणात हीच नदी अडविली गेली आणि तिच्यावर मोठी वीजनिर्मिती उभी राहिली. मात्र डोंगरदऱ्यांच्या या पट्ट्यात मोबाइलचा संदेश प्रत्येक वळणावर मिळेलच असे नाही, आणि पावसाळ्यात झाड तारेवर पडले की वीजही जाते. अशा ठिकाणी एखाद्या घरात वा शाळेत लिनक्सवर चालणारा जुना संगणक असेल, तर त्याचे सर्वांत आधी बिघडते ते घड्याळ. शहरातला संगणक इंटरनेटवरून गुपचूप वेळ दुरुस्त करून घेतो आणि मालकाला त्याची जाणीवही होत नाही. दुर्गम भागात ही सोय नसल्याने घड्याळाचे मूळ दुखणे उघडे पडते. म्हणून हा विषय दिग्गीच्या निमित्ताने समजून घेणे सोयीचे आहे. सांगे, सत्तरी, काणकोण येथील अनेक वाड्यांनाही तो तितकाच लागू पडतो.

घड्याळ चुकले म्हणून बिघडते काय, असे कोणी विचारील. पहिली अडचण सुरक्षित संकेतस्थळांची. प्रत्येक संकेतस्थळाच्या प्रमाणपत्राला आरंभाची आणि समाप्तीची तारीख असते. संगणकाची तारीख त्या मर्यादेबाहेर गेली की ब्राउझर पान उघडण्यास नकार देतो. विद्यार्थ्याला शिष्यवृत्तीचा अर्ज भरायचा असतो, शेवटचा दिवस असतो, आणि समोर केवळ धोक्याची सूचना झळकत राहते. दुसरी अडचण ॲपमध्ये तयार होणाऱ्या सहा अंकी संकेतांकांची. ते सहसा दर ३० सेकंदांनी बदलतात आणि पूर्णतः घड्याळावर अवलंबून असतात. काही मिनिटांचा फरक पडला की खात्यात प्रवेश मिळत नाही. तिसरी अडचण कागदपत्रांची. वनहक्काच्या दाव्यासाठी काढलेली छायाचित्रे, ग्रामसभेचा टंकलिखित वृत्तान्त, सहकारी संस्थेचा हिशेब या सर्व फाइलींवर संगणक स्वतःची तारीख उमटवीत असतो. ती २०१९ची दिसू लागली, तर उद्या वाद झाल्यास त्या फाइलीवर विश्वास कोणी ठेवावा?

संगणकात घड्याळे दोन असतात, हे प्रथम ध्यानी घ्यावे. एक मुख्य फलकावरचे हार्डवेअर घड्याळ. ते संगणक बंद असतानाही नाण्याएवढ्या बॅटरीवर चालू राहते. दुसरे लिनक्सच्या गाभ्यात, म्हणजे कर्नलमध्ये, चालणारे प्रणालीचे घड्याळ. संगणक सुरू होताना दुसरे घड्याळ पहिल्याकडून वेळ उचलते आणि नंतर स्वतंत्रपणे धावू लागते. लिनक्स आतून वेळ मोजतो ती १ जानेवारी १९७० या दिवसापासून लोटलेल्या सेकंदांत, आणि तीही जागतिक समन्वित वेळेनुसार. भारतीय प्रमाणवेळ ही केवळ दाखविण्यापुरती केलेली साडेपाच तासांची बेरीज होय. बहुतेक घोटाळे या तीन गोष्टींच्या सांध्यांवर होतात.

चूक किती आहे हे मोजले की कारण बहुधा आपोआप कळते. म्हणून घाईघाईने वेळ बदलण्याआधी एकदा मनगटी घड्याळाशी ताडून फरक लिहून ठेवावा. फरक बरोबर साडेपाच तासांचा असेल, तर घड्याळ बिघडलेले नाही. कालक्षेत्राची नोंद चुकलेली आहे. महिन्याकाठी मिनिटभर फरक पडत असेल, तर तो घड्याळातील स्फटिकाचा स्वाभाविक ढिलेपणा. वीज गेल्यावर दर वेळी तारीख मागे जात असेल, तर बॅटरी संपली. आणि वेळ दुरुस्त केल्यावर थोड्या वेळात ती पुन्हा बदलत असेल, तर एखादी स्वयंचलित सेवा किंवा शेजारी बसविलेली दुसरी कार्यप्रणाली त्यात ढवळाढवळ करीत आहे.

आता आदेशांकडे वळू. या लेखात आदेश देवनागरीत उच्चाराप्रमाणे दिले आहेत. टर्मिनलमध्ये ते रोमन लिपीतील लहान अक्षरांत टंकावेत आणि अंकही इंग्रजीच वापरावेत. बहुतेक नव्या लिनक्स वितरणांत ‘टाइमडेटसीटीएल’ हा एकच शब्द टंकला की सगळी परिस्थिती समोर येते: स्थानिक वेळ, जागतिक वेळ, हार्डवेअर घड्याळाची वेळ, कालक्षेत्र, घड्याळ जुळले आहे की नाही, आणि हार्डवेअर घड्याळ स्थानिक वेळेवर ठेवले आहे काय. या ओळी शांतपणे वाचाव्यात. निम्म्या वेळा रोग तिथेच दिसतो.

कालक्षेत्र चुकले असेल तर ‘सुडो टाइमडेटसीटीएल सेट-टाइमझोन एशिया/कोलकाता’ एवढे पुरे. यात ‘एशिया’ आणि ‘कोलकाता’ यांची आद्याक्षरे मात्र मोठी हवीत. पणजी, मुंबई वा बेंगळुरू ही नावे त्या यादीत सापडणार नाहीत, कारण संपूर्ण भारताला एकच नोंद दिलेली आहे. ‘कलकत्ता’ हे जुने स्पेलिंगही अजून चालते. या नोंदीच्या पोटात इतिहास दडलेला आहे: भारतीय प्रमाणवेळ १ जानेवारी १९०६ पासून लागू झाली, आणि दुसऱ्या महायुद्धाच्या काळात काही वर्षे घड्याळे तासभर पुढे केली गेली होती, हेही त्या फाइलीत नोंदलेले आहे. मुंबईने मात्र आपली ३९ मिनिटे मागे असलेली वेळ पुढेही दीर्घकाळ जपली. तेथील महानगरपालिकेने ती अखेर सोडली.

विंडोज आणि लिनक्स एकाच संगणकावर असतील, तर भांडण ठरलेले. विंडोज हार्डवेअर घड्याळात स्थानिक वेळ लिहिते. लिनक्स तिथे जागतिक वेळ आहे असे समजतो. परिणामी विंडोज वापरून लिनक्समध्ये आलात की घड्याळ साडेपाच तास पुढे, आणि उलट दिशेने गेलात की साडेपाच तास मागे. ‘सेट-लोकल-आरटीसी’ या पर्यायापुढे १ लिहून लिनक्सला विंडोजच्या चालीवर आणता येते; पण तो मार्ग खुद्द ‘टाइमडेटसीटीएल’लाच मान्य नाही, ते तसा इशारा देते. विंडोजच्या रजिस्ट्रीत ‘रिअलटाइमइजयुनिव्हर्सल’ ही नोंद १ करून विंडोजलाच जागतिक वेळ शिकविणे अधिक चांगले, असे माझे मत आहे. लिनक्समध्ये मग ‘सेट-लोकल-आरटीसी ०’ ठेवावे.

इंटरनेट उपलब्ध असेल तर पुढचे काम सोपे. ‘सुडो टाइमडेटसीटीएल सेट-एनटीपी ट्रू’ हा आदेश दिला की संगणक वेळेच्या सर्व्हरशी स्वतःच बोलू लागतो. एनटीपी ही पद्धत अमेरिकेतील डेलावेअर विद्यापीठाचे डेव्हिड मिल्स यांनी घडविली. तिचा पहिला प्रमाणित मसुदा १९८५ चा. भारताची अधिकृत वेळ दिल्लीतील राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळा आण्विक घड्याळांच्या साहाय्याने राखते, आणि तिचा सर्व्हर ‘टाइम डॉट एनपीएलइंडिया डॉट ओआरजी’ या पत्त्यावर आहे. २८ एप्रिल २०२२ रोजी केंद्र सरकारच्या सर्ट-इन या यंत्रणेने सेवापुरवठादार, कंपन्या आणि सरकारी कार्यालये यांना आपली घड्याळे याच प्रयोगशाळेच्या किंवा राष्ट्रीय सूचनाविज्ञान केंद्राच्या सर्व्हरशी, अथवा त्यांच्याशी जोडलेल्या सर्व्हरशी, जुळविण्याचे निर्देश दिले. घरगुती संगणकावर ते बंधन नसले तरी तोच पत्ता ‘टाइमसिंकडी’ सेवेच्या संरचना फाइलीत ‘एनटीपी’ या ओळीपुढे लिहिण्यास हरकत नाही.

इंटरनेट असूनही घड्याळ जुळत नसेल, तर बहुधा वाटेत कोणी दार लावून घेतलेले असते. एनटीपीचे निरोप यूडीपीच्या १२३ क्रमांकाच्या द्वारातून जातात, आणि वसतिगृहे वा कार्यालये यांच्या जाळ्यात ते द्वार अनेकदा बंद ठेवतात. अशा वेळी ‘एचटीपीडेट’ हे छोटे साधन साध्या संकेतस्थळाच्या उत्तरातील तारीख उचलून काम भागवते. सेकंदभराची अचूकता त्यातून मिळते, आणि अर्ज भरायला तेवढी पुष्कळ झाली.

एक चमत्कारिक कोंडी येथे सांगितली पाहिजे. घड्याळ फार मागे असेल तर नवे सॉफ्टवेअर उतरवता येत नाही. डेबियन, उबुंटू यांची यंत्रणा ‘ही फाइल अजून ग्राह्य झालेली नाही’ अशा अर्थाची तक्रार करते. म्हणजे वेळ सुधारणारे साधन उतरवण्यासाठी आधी वेळ सुधारलेली हवी. अशा वेळी हाताने वेळ लावावी.

हाताने वेळ लावताना क्रम महत्त्वाचा. प्रथम ‘सेट-एनटीपी फॉल्स’ करून स्वयंचलित सेवा थांबवावी, अन्यथा पुढचा आदेश नाकारला जातो. पुष्कळ जण इथेच अडकतात. मग ‘सुडो टाइमडेटसीटीएल सेट-टाइम’ लिहून पुढे अवतरणचिन्हांत वर्ष-महिना-दिवस आणि तास:मिनिट:सेकंद द्यावेत. वेळ स्थानिक द्यायची. साडेपाच तास वजा करण्याचा खटाटोप नको. हा आदेश हार्डवेअर घड्याळही सुधारतो. जुन्या पद्धतीने ‘डेट’ आदेश वापरला असेल, तर मात्र ‘सुडो एचडब्ल्यूक्लॉक’ आणि त्यापुढे दोन आडव्या रेघा देऊन ‘सिसटूएचसी’ लिहावे लागते. ते विसरले तर पुढच्या वेळी संगणक सुरू करताना चूक परत हजर.

पण खरी वेळ आणायची कुठून? सकाळी नेटवर्कच्या टप्प्यात जाऊन आलेला मोबाइल हा सर्वांत सोपा आधार. त्याचे घड्याळ दिवसभरात फारसे ढळत नाही. तोही नसेल तर सूर्य निदान ढोबळ चूक दाखवितो. भारतीय प्रमाणवेळ ८२.५ अंश पूर्व रेखांशावर बेतलेली आहे. दिग्गी त्याच्या आठ अंशांहून अधिक पश्चिमेला. त्यामुळे येथे सूर्य माथ्यावर येतो तो सरासरीने साडेबाराच्या थोडा नंतर: नोव्हेंबरच्या आरंभी सव्वाबाराच्या सुमारास, तर फेब्रुवारीच्या मध्यास पाऊण वाजण्याच्या बेतात. काठीची सावली सर्वांत आखूड असताना संगणक सकाळचे सात दाखवीत असेल, तर तो जागतिक वेळेवर अडकला आहे हे इंटरनेटवाचून कळते.

अधिक अचूक वेळ हवी असेल तर उपग्रह आहेत. मोकळे आकाश मिळाले की यूएसबीवर चालणारा छोटा जीपीएस ग्राहक मोबाइल टॉवरशिवायही वेळ देतो. लिनक्समध्ये ‘जीपीएसडी’ हा कार्यक्रम ती वेळ वाचतो आणि ‘क्रोनी’ तिच्यावर घड्याळ जुळवतो. यूएसबीतील विलंबामुळे सेकंदाच्या दहाव्या भागाएवढी चूक राहते. त्याची फिकीर करू नये. फिकीर करावी ती जुन्या ग्राहकाची. जीपीएसचा आठवड्यांचा गणक १,०२४ आठवड्यांनी शून्यावर येतो. तसे ६ एप्रिल २०१९ रोजी घडले. सुधारणा न झालेला ग्राहक तेव्हापासून सुमारे वीस वर्षे मागची तारीख आत्मविश्वासाने सांगतो.

शाळेत आठ-दहा संगणक असतील तर प्रत्येकाला वेगळी वेळ लावत बसू नये. एका संगणकावर क्रोनी बसवून त्याच्या संरचनेत ‘लोकल स्ट्रॅटम १०’ आणि जाळ्याच्या पत्त्यासह ‘अलाऊ’ या ओळी घालाव्यात, आणि उरलेल्यांना त्याच्याकडून वेळ घेण्यास सांगावे. बाहेरच्या जगापेक्षा दोन सेकंद मागे असले तरी सगळे एकमेकांशी जुळलेले राहतात. फाइली या संगणकावरून त्या संगणकावर नेताना तेच अधिक उपयोगाचे. क्रोनीची एक खोड मात्र माहीत असावी: अनेक वितरणांत ते फक्त सुरुवातीच्या काही मोजमापांतच मोठी उडी घेते, नंतर घड्याळ हळूहळू ओढत राहते. तासाभराचा फरक असेल तर ‘सुडो क्रोनीसी मेकस्टेप’ म्हणून त्याला उडी घ्यायला लावावी लागते.

राहिली बॅटरी. बहुतेक डेस्कटॉपमध्ये सीआर २०३२ ही तीन व्होल्टची लिथियम बॅटरी असते. मल्टिमीटरवर ती अडीच व्होल्टच्या आसपास आली की बदलावी. वीजजोडणी काढून, धातूला एकदा हात लावून, अधिक चिन्हाची बाजू पूर्वीप्रमाणेच ठेवून नवी बसवावी. कोकणपट्टीच्या दमट हवेत खाचेला गंज चढलेला असतो, तोही पुसावा. बायोसमधील इतर मांडणी पुसली जाऊ शकते, म्हणून ती आधी टिपून घ्यावी. नव्या लिनक्समध्ये एक फसवी गोष्ट घडते: बॅटरी संपली तरी तारीख १९७० वर जात नाही, कारण टाइमसिंकडी सेवा शेवटची ज्ञात वेळ डिस्कवर जपून तिथूनच पुढे मोजते. त्यामुळे घड्याळ केवळ काही दिवस मागे दिसते आणि संशय बॅटरीवर जात नाही. रास्पबेरी पायच्या पाचव्या आवृत्तीपूर्वीच्या फलकांवर तर हार्डवेअर घड्याळच नसते. वीज गेली की वेळही गेली. त्यांना डीएस ३२३१ चिप असलेले छोटे घड्याळ वेगळे जोडून घ्यावे.

बॅटरी चांगली असूनही स्फटिक दिवसाला एक-दोन सेकंद ढळतो, म्हणजे वर्षाला दहाएक मिनिटे. इंटरनेटविना राहणाऱ्या संगणकावर महिन्यातून एकदा खरी वेळ लावून ‘एचडब्ल्यूक्लॉक’च्या ‘सिसटूएचसी’ला ‘अपडेट-ड्रिफ्ट’ हा पर्याय जोडला, तर ढळण्याचा वेग नोंदला जातो आणि पुढे ‘ॲडजस्ट’ या पर्यायाने तेवढी भरपाई करता येते.

दुरुस्ती झाल्यावर संगणक पूर्ण बंद करून, प्लग काढून, दहा मिनिटांनी पुन्हा सुरू करावा आणि नेटवर्क न जोडता ‘टाइमडेटसीटीएल’ पाहावे. हार्डवेअर घड्याळाची ओळ जागतिक वेळ, म्हणजे आपल्या घड्याळाहून साडेपाच तास मागची, दाखवीत असेल तर काम नीट झाले. ३२ बिटांचे फार जुने यंत्र असेल, तर १९ जानेवारी २०३८ च्या सकाळी ८ वाजून ४४ मिनिटे ७ सेकंदांनंतर १९७० पासूनचे सेकंद त्याच्या गणकात मावणार नाहीत. त्यावर ६४ बिटी वेळ वापरणारी नवी प्रणाली चढवता येते काय, हे त्याआधी पाहून ठेवावे.